टेस्टेड ओके

साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेत एक घर आहे. खाली काळा दगड, वर विटा. दगडी भाग अण्णांच्या वडिलांनी बांधला, माडी अण्णांनी चढवली आणि पुढे कधीतरी हातात चार पैसे आले तेव्हा मागच्या अंगाला पत्रा टाकून स्वयंपाकाची पडवी काढली. खालच्या भिंती एवढ्या जाड की खिडकीच्या कट्ट्यावर माणूस मांडी घालून पेपर वाचतो. उन्हाळ्यात आलेला पाहुणा आधी गारव्याचं कौतुक करतो आणि मग पाणी मागतो. अशा घरात वायफाय नीट चालत नसेल, तर पहिला संशय भिंतींवर जायला हवा होता. तो गेला कंपनीच्या डब्यावर.

डबा म्हणजे फायबरचं कनेक्शन घेतलं तेव्हा कंपनीनं बसवून दिलेलं पांढरं यंत्र. बसवायला आलेल्या पोराला त्या दिवशी अजून बरीच घरं उरकायची होती. खांबावरून आलेली काळी वायर पुढच्या खिडकीशी उतरत होती, खिडकीला लागून शोकेस, शोकेसमध्ये टीव्ही, टीव्हीमागे प्लग. "साहेब, इथंच ठेवू ना?" असं त्यानं विचारलं आणि अण्णांच्या मुलानं, सुहासनं, मॅचवरची नजर न काढता मान हलवली. पुढे रात्री त्याचे हिरवे दिवे डोळ्यांत येतात म्हणून आईंनी वर दोऱ्याचा विणलेला रुमाल घातला. एका बाजूला नातीनं, ईशानं, वक्तृत्वात मिळवलेली पितळी ढाल, दुसऱ्या बाजूला स्टीलची फुलदाणी, पुढ्यात टीव्ही. रेडिओलहरींना धातूचं वावडं असतं. याहून वाईट जागा हवी असती तर तिजोरीच उघडावी लागली असती.

शिवाय डबा फुकट होता. आपल्याकडे फुकटच्या वस्तूची एक गंमत असते. ती चालते तोवर कुणी तिच्याकडे बघत नाही आणि अडली की "फुकटचं ते फुकटचंच" म्हणायला सगळे मोकळे.

तक्रार सुहासच्या बायकोची, मेघनाची होती. पुण्याच्या एका ऑफिससाठी ती घरून विम्याच्या दाव्यांचे कागद तपासते. माडीवरची मागची खोली तिची. सकाळची मीटिंग कशीबशी व्हायची, संध्याकाळची हमखास तुटायची. समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून गोठायचा, मग आवाज चिरकायचा, मग पडद्यावर ते फिरणारं चक्र. मेघना लॅपटॉप उचलून जिन्याच्या वळणावर येऊन बसायची. तिथं बरं यायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट देण्यासाठी गुडघे आखडून बसून, मांडीवर लॅपटॉप ठेवून ती कितीतरी दिवस ऑफिस करत होती.

"अहो, वर नेट येत नाही."

सुहास सोफ्यावर बसल्या बसल्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावायचा. काटा सरसर चढायचा. "हे बघ, पंच्याण्णव! शंभराच्या प्लॅनला पंच्याण्णव येतंय. तुमच्या ऑफिसचाच सर्व्हर मठ्ठ असेल."

आकडा खरा होता. सोफ्यावरचा होता, एवढंच.

सुहास तसा मनानं वाईट नाही. पोवई नाक्याकडे त्याचं मोटारी-पंपांचं दुकान आहे, आणि वरच्या नळाला दाब कमी पडतो म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला अर्ध्या एचपीऐवजी एक एचपीची मोटार देऊन मोकळं व्हायचं, हे त्याच्या हाताला पडलेलं वळण. बायकोची कटकट थांबेना तेव्हा त्यानं तेच केलं. शंभराचा प्लॅन तीनशेचा केला. सोफ्यावर आकडा दोनशे ऐंशीवर गेला, घरात पेढे वाटायचेच बाकी राहिले. वरच्या खोलीत मात्र मीटिंग तुटायची थांबली नाही.

मग सगळा राग डब्यावर निघाला. सुहासनं आठ हजारांचा राउटर मागवला. काळा, सहा अँटेनांचा, पाठीवर पडलेल्या किड्यानं पाय वर करावेत तसा दिसणारा. खोक्यावर ठळक अक्षरांत ३०००. या आकड्यांबद्दल एक सांगून ठेवतो. हा राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. एकावर कागदोपत्री ५७४, दुसऱ्यावर २४०२. दोन्हींची बेरीज करून, वर थोडी गोलाई देऊन खोक्यावर ३००० छापतात. तुमचा फोन एका वेळी साधारणपणे एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ती बेरीज कुणाच्याच पदरात पडत नाही. पण खोकं हातात घेतलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो.

आल्या आल्या सुहासनं डब्याच्या मागची हिरव्या टोपणाची बारीक वायर उपसली. त्याला वाटलं, ही तिकडून काढायची, इकडे लावायची, झालं. नव्या राउटरला तसं भोकच नव्हतं. फायबरमधून प्रकाश येतो, त्याची वीज करणारं यंत्र तो डबाच. कंपनीच्या नोंदीत त्याचा नंबर बांधलेला असतो, त्यामुळे दुसरा डबा आणून जोडला तरी कंपनीनं नोंद बदलल्याशिवाय तो चालत नाही. सुहासनं वायर उलटसुलट करून पाहिली, तिच्या टोकावरून अंगठा फिरवला, परत खुपसली. डब्यावर लाल दिवा लागला. त्या पांढऱ्या टोकाच्या मधोमध प्रकाश जिथून जातो ती वाट एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही अरुंद असते. बोटाचा तेलकटपणा तिला पुष्कळ झाला. घरातलं नेट पार गेलं, आणि मेघनाला त्या दिवशी मोबाइलच्या डेटावर काम रेटावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा पोरगा आला. त्यानं खिशातून पेनासारखी चीज काढून टोक पुसलं, हातातल्या मीटरवर प्रकाश मोजला. उणे एकवीस. "एक नंबर आहे साहेब, पंचवीसच्या आत म्हणजे झकास." लाल दिवा गेला. सुहासनं लगेच ड्रॉवरमधली एक जुनी नेटवर्क केबल काढून डबा आणि नवा राउटर एकमेकांना जोडले आणि दोघांना शोकेसमध्ये शेजारी शेजारी ठेवलं. रुमाल आता दोघांवर मिळून पुरेना. पोरानं सोफ्यावर बसून टेस्ट लावली.

त्र्याण्णव.

"हे काय? काल दोनशे ऐंशी होतं!"

"नवा राउटर तुमचा आहे साहेब. त्याचं आम्हाला सांगता येत नाही. आमचं सिग्नल ओके आहे." पोरानं मोबाइल काढला. "ओटीपी आला असेल बघा, तेवढा द्या. तक्रार बंद करतो."

सुहास ओटीपी वाचायला लागला, तेवढ्यात कट्ट्यावरून आवाज आला, "थांब रे जरा."

अण्णांचा सगळा जन्म टेलिफोन खात्यात गेला. लाइनमन म्हणून लागले, खांबावर चढले, पावसात केबलचे खड्डे उपसले, पुढे मेकॅनिक झाले. रिटायर होऊनही आता बरीच वर्षं झाली. घरातल्या वायफायच्या भानगडीत ते पडत नसत, कारण त्यांचा फोन बटणांचा आणि त्यांची करमणूक पेपरातलं शब्दकोडं. पण "आमचं सिग्नल ओके" हे वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते त्यांना तसंच जाऊ देता आलं नाही.

"बाळा, बस. चहा येतोय. तुझ्या हातात वेळ नाही हे मला कळतं, आमच्याही नसायचा. पण एक ऐक. आमच्याकडे एक्स्चेंजमधे टेस्ट डेस्क असायचं. फोन बंदची तक्रार आली की तिथला माणूस बसल्या जागी लाइन तपासायचा. ठीक दिसली की रजिस्टरात लिहायचं, टेस्टेड ओके. तक्रार बंद. परळीकडच्या एका गावात एक मास्तरीणबाई होत्या, एकट्या राहायच्या. त्यांची तक्रार, फोनवर खरखर येते. डेस्कवर दर वेळी लाइन ओके. पुन्हा तक्रार, पुन्हा ओके. साहेब वैतागले, म्हणाले बाईंच्या कानाचाच प्रॉब्लेम दिसतोय. मला पाठवलं. मी दुपारी गेलो, फोन लावून बघितला, काचेसारखा स्वच्छ आवाज. निघणार, तर बाई म्हणाल्या, तो आत्ता नाही करणार, संध्याकाळपर्यंत बसाल का? बसलो. त्यांच्या खुर्चीत बसलो. पाच वाजता पाऊस आला, पश्चिमेकडून, वाऱ्यासकट. दहा मिनिटांत खरखर सुरू. वर बघतो तर कौलातून एक धार भिंतीवरून उतरून बरोबर रोझेटवर. वायरीचा जॉइंट हिरवा पडलेला. डेस्कवरचा माणूस दुपारी बारा वाजता टेस्ट करणार, साताऱ्यात ऊन, तिथं लाइन ओकेच असणार की. त्यानं खोटं काहीच लिहिलं नव्हतं."

पोरगा ओटीपी विसरला होता. चहा आला होता, हा एक भाग. पण गोष्टही लागली होती त्याला.

अण्णा उठले ते सोफ्याकडे न जाता जिना चढून मेघनाच्या खोलीत गेले. मागोमाग सुहास, पोरगा, ईशा अशी वरात. मेघना कामात होती.

"पोरी, कधी कधी तुटतं गं?"

तिनं ड्रॉवरमधून एक वही काढली. तारीख, वेळ, किती वेळ गेलं, तेव्हा काय चाललं होतं, सगळं ओळीनं लिहिलेलं. विम्याचे कागद तपासणारी बाई ती. सुहासनं वही पाहिली आणि म्हणाला, "हे मला कधी दाखवलं नाहीस?" मेघना काही बोलली नाही. तो दर वेळी काय दाखवायचा ते सगळ्यांना माहीत होतं.

वहीतून दोन गोष्टी निघाल्या. संध्याकाळी सात ते नऊ सगळ्यात वाईट. आणि खोलीत खिडकीशी जरा बरं, टेबलाशी वाईट. टेबलामागे आईंच्या लग्नातलं लोखंडी कपाट उभं होतं, जिन्याकडच्या भिंतीला पाठ लावून. म्हणजे शोकेसमधून निघालेली लहर जाड दगडी भिंत, मग सळ्यांचा स्लॅब, मग विटांची भिंत, मग हे कपाट, असं करत टेबलाशी पोचायची. पोचायची हेच नवल.

अण्णांनी ईशाचा फोन तिच्याकडून चालवून घेतला. टेबलाशी चार. दारात बारा. जिन्याच्या वळणावर चाळीस. कॅलेंडरच्या एका पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी घराचा नकाशा काढला आणि जिथं उभे तिथं आकडा लिहीत गेले. टेबलाशी गंमत अशी की फोनवर सिग्नलच्या काड्या भरलेल्या दिसत होत्या आणि पान मात्र उघडत नव्हतं.

"काड्या तर फुल आहेत अण्णा," ईशा म्हणाली.

"त्या काड्या तिकडून आलेली हाक किती मोठी ऐकू येते ते सांगतात. तुझ्या फोनची ओ परत खाली पोचली का, ते कुठं सांगतात? सहा शिंगांच्या त्या यंत्राला ओरडायला काय, भिंतीतल्या प्लगमधून वीज मिळते. तुझ्या फोनला एवढीशी बॅटरी. त्याचा आवाज त्या दगडातून खाली जायला नको?"

मोठा राउटर आणूनही लांबच्या खोलीत फारसा फरक का पडत नाही याचं उत्तर यात आहे. नेट दोन्हीकडून बोलतं. तुम्ही एकाच बाजूचा घसा खणखणीत करून ठेवला तर संवाद अडायचा तो अडतोच. त्यात ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगानं चालतो, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. २.४ चा पट्टा भिंती जास्त पार करतो, पण त्याच्यावर गर्दी फार. २००५ साली सरकारनं या पट्ट्यावरची लायसन्सची अट काढली, तेव्हापासून तो सगळ्यांचा. घरोघरचे वायफाय, ब्लूटूथचे हेडफोन, सगळे तिथंच. मायक्रोवेव्हही तिथंच कडमडतो. ईशानं फोनवर एक ॲप उघडून दाखवलं, आळीतल्या सगळ्या वायफायची नावं एकमेकांवर चढलेली. या पट्ट्यावर आपल्याकडे चॅनेल तेरा, पण एकमेकांत न घुसता चालणारे तीनच धरतात: १, ६ आणि ११. कंपनीचा डबा आणि नवा राउटर दोघेही ६ वर. शोकेसमध्ये खांद्याला खांदा लावून दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलत होते. संध्याकाळी सात वाजता आळी घरी आली की त्यांच्यात सगळी पेठ मिसळायची.

"आता खालचं बघू," अण्णा म्हणाले. "वर काय होतंय ते कळलं. फॉल्ट शोधायचा तर लाइन मधे तोडायची. आम्ही आधी वाटेतल्या टेलिफोनच्या डीपीवर जायचो. तिथं टोन आहे? मग एक्स्चेंजपासून इथपर्यंत चांगलं, दोष घराकडे. नाही? मग दोष मागे. दर वेळी अर्धी लाइन बाद करायची."

लॅपटॉप थेट कंपनीच्या डब्याला वायरनं जोडला. दोनशे पंच्याण्णव. ज्याला गेला महिनाभर शिव्या पडत होत्या, तो डबा कंपनीनं कबूल केलेलं जवळजवळ सगळं इमानेइतबारे घरात आणून देत होता. मग तोच लॅपटॉप नव्या राउटरला जोडला. चौऱ्याण्णव. म्हणजे घोळ या दोघांच्या मधे. आणि मधे होती फक्त एक केबल, ड्रॉवरमधून काढलेली.

अण्णांनी तिचं पारदर्शक टोक खिडकीच्या उजेडात धरलं, चष्मा कपाळावर चढवला, एक डोळा मिटला.

"आठ घरं आहेत. चारातच तारा आहेत."

पोरानं पुढे होऊन पाहिलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. चार तारांवर शंभरापर्यंतच जातं. वर जायचं तर आठही लागतात. सुहासनं आठ हजार खर्च केले होते आणि ते एका चार तारांच्या तुकड्यातून ओतले होते. त्याच्या दुकानात कुणी दोन इंची पाइपाला अर्ध्या इंचाचा नळ लावून "मोटार खराब आहे" म्हणत आलं असतं, तर त्यानं वर्षभर तो किस्सा सांगितला असता. इथं तो गप्प बसला. हे चांगलं लक्षण होतं.

पोराच्या पिशवीतली आठ तारांची केबल लावल्यावर सोफ्यावर पुन्हा दोनशे ऐंशी. सुहासचा चेहरा खुलला. अण्णांनी नकाशावरच्या टेबलावर बोट ठेवलं. "इथं अजून चारच आहेत."

"रिपीटर लावू का काका? प्लगमधे बसतो," पोरगा म्हणाला.

"तो ऐकणार कुठून? जिन्यातून. जिन्यात चाळीस आहे. ऐकायचं आणि बोलायचं एकाच तोंडानं, म्हणजे त्यातलंही निम्मं जाणार. वायर वर न्यायची."

वायर न्यायची म्हणजे भिंत फोडायची, असं सुहासला वाटलं. अण्णा शोकेसच्या मागे वाकले आणि बोटानं चुन्यात काहीतरी चाचपलं. माडी चढवली तेव्हा त्यांनी खालच्या फोनचं एक्स्टेंशन वरच्या मागच्या खोलीत नेलं होतं. त्यासाठी भिंतीतून पाऊण इंची पाइप टाकला होता. विजेच्या पाइपापासून वेगळा, कारण शेजारून वीज गेली की फोनवर घूं घूं येतं. तो फोन कधीच गेला. पाइप भिंतीत राहिला, दोन्ही तोंडांना रंगाचे थर चढलेले. पाइपात जुनी टेलिफोनची वायर अजून होती. त्यांनी तिच्याच टोकाला नवी केबल चिकटपट्टीनं गुंडाळून बांधली. ईशा वरून ओढायला, सुहास खालून सोडायला. एका वळणावर अडली. सुहास जोर लावायला लागला तसे अण्णा ओरडले, "ओढू नकोस, आधी सोड मागे! अडलेली वायर मागे गेली की वळते." थोडी मागे घेतली, किंचित फिरवली, गेली.

टोक बसवायचं काम अण्णांनी कुणाला दिलं नाही. मेघनाच्या टेबलावर पेपर पसरून त्यांनी केबलचं साल काढलं. जोडीजोडीनं पिळलेल्या आठ तारा. नखानं एकेक पीळ उलगडून त्या सरळ केल्या, चिमटीत शेजारी शेजारी धरल्या. हात किंचित थरथरत होता. ईशा फोनवर बघून क्रम वाचत होती.

"नारिंगी-पांढरी."

"हं."

"नारिंगी. हिरवी-पांढरी. निळी."

"हिरवी-पांढरीच्या शेजारी हिरवी नाही?"

"नाही अण्णा, निळी. मग निळी-पांढरी, आणि मग हिरवी."

अण्णा थांबले. मग एकदम हसले. "मधली दोन घरं निळ्या जोडीची. फोनची जोडी मधे बसायची ना, तिला कुणी उठवलं नाही म्हणायचं! हिरवी बिचारी दोन्हीकडून सरकून बसली." तपकिरी-पांढरी आणि तपकिरी शेवटी. त्यांनी आठही टोकं कात्रीनं एका रेषेत कापली, टोपणात सरकवली आणि पोराच्या हत्यारानं दाबली. कटकन आवाज झाला. "निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. आमच्या केबलमधे पाचवी स्लेट होती. करड्या रंगाची. ती तेवढी गेली."

नवा राउटर वर आला, मेघनाच्या दारावरच्या फळीवर. पोरानं त्याला ॲक्सेस पॉइंट करून दिला, म्हणजे घराचा सगळा हिशेब एकट्या कंपनीच्या डब्याकडे राहिला आणि दोन राउटर एकामागे एक लागून होणारे घोटाळे टळले. नाव आणि पासवर्ड खालचाच ठेवला. खालचा १ वर, वरचा ११ वर. लोखंडी कपाट हात दोन हात सरकवलं, त्याखाली ईशाचा लहानपणीचा एक कंगवा आणि तीन गोट्या सापडल्या. टेबलाशी आकडा आला दोनशे सत्तर. मेघनानं तो पाहिला, ऑफिसच्या मीटिंगला जोडून घेतलं आणि दार लावून घेतलं. बाहेर सगळे उभेच राहिले.

राउटर बदलणं चूक होतं असं माझं म्हणणं नाही. काही डबे खरंच जुने असतात, २.४ च्याच पट्ट्यावर बोलणारे, शंभराच्याच भोकांचे. ते बदलावेतच. पण हे टेबलाशी उभं राहून ठरवायचं असतं.

पोरानं जाताना अण्णांना विचारलं, "काका, आता ओटीपी?"

"मला काय विचारतोस? जिची तक्रार तिला विचार."

मेघनानं दार किलकिलं करून आकडे सांगितले. तक्रार बंद झाली.

संध्याकाळी अण्णा खुशीत होते. कॅलेंडरचं पान त्यांनी शोकेसच्या काचेला लावलं, प्रत्येक खोलीत नवा आकडा. हॉल दोनशे ऐंशी, माडी दोनशे सत्तर, जिना दीडशे. आईंना हाक मारून दाखवलं. आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"पडवी कुठंय यात?"

"पडवीत काय करायचंय नेटचं?"

आईंनी उत्तर दिलं नाही. त्या मागे गेल्या. ईशा मागोमाग गेली आणि तिथून ओरडली, "अण्णा, दोन! इथं दोनच येतंय!" पुढे दगडी भिंत, वर पत्रा. माडीवरचा राउटर बरोबर डोक्यावर होता आणि पत्रा त्याचं काही खाली उतरू देत नव्हता. नागपूरच्या लेकीचा रोज रात्री आईंना व्हिडिओ कॉल येतो, भाकऱ्या चाललेल्या असताना. तो रोज अडकतो. आई तवा उतरवतात, हात पुसतात, फोन घेऊन हॉलमध्ये येतात.

अण्णा पडवीच्या उंबऱ्यावर आले. "तू बोलली का नाहीस इतके दिवस?"

"बोलले की. दिवाळीत बोलले. तुम्हीच म्हणालात, तुझा फोन जुना झालाय."

ईशानं ओठ घट्ट मिटले. सुहासनं वळून भिंतीकडे तोंड केलं. अण्णा काही क्षण तसेच उभे राहिले, मग आत जाऊन आईंच्या पाटावर बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली.

"लाव तिला फोन," ते म्हणाले. "बघू कसा अडकतो."

"आत्ता नाही अडकायचा नीट. आठला लावते, भाकऱ्यांच्या वेळेला. तोवर तिथंच बसणार असाल तर लसूण सोला."